पाणी आवाज पिते

मी भोंग्याचं तोंड तलावाकडे केलं. ही माझी चूक. धंदाच आवाजाचा असलेल्या माणसानं ती करायला नको होती.

नागभीडपासून आत, धानाच्या पट्ट्यातलं आमचं गाव. गावात मुसलमानांची घरं दोन. एका घरात शिलाई मशीन, दुसऱ्या घरात भोंगा. भोंग्याचं घर आमचं. लग्न असो, शारदा बसवणं असो, उरूस असो, नाटक असो, आवाज लागला की लोक माझ्याकडे येत. एक अ‍ॅम्प्लिफायर, त्याला सगळे नुसतं 'मशीन' म्हणत, दोन भोंगे, एक माईक आणि ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी, एवढा माझा पसारा. दुकान मात्र माझं नव्हतं. ते मालकांच्या चाळीत होतं आणि दुकानातली वीज मालकांच्या घरच्या मीटरवरून एका काळ्या वायरीनं यायची. मालक म्हणजे गावचे जुने मालगुजार, जमीनदारच. मालगुजारी जाऊन जमाना झाला होता. पण ज्याच्या दुकानात अशी वायर येते, त्याला विचारा गेली की नाही ते.

नव्वदनंतरची गोष्ट. बायकांसाठी जागा राखीव व्हायला लागल्या होत्या आणि त्या वर्षी ग्रामपंचायतीत आमचा वार्ड बाईचा निघाला. मालकांनी आपली सून उभी केली. सूनबाई घराबाहेर आल्या नाहीत, त्यांची भाषणं मालकच करत. "मी निवडून आली तर," असं मालक मिशीवर ताव देत म्हणायचे आणि कुणी हसायचं नाही. मीही माईकमागे बसून हसलो नाही. वायर आठवायची.

समोर उभी होती ढिवर मोहल्ल्यातली एक बाई. जाळं टाकणारी, डोंगा हाकणारी, डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन गावोगाव फिरणारी. तिचं उभं राहणं हौसेचं नव्हतं. गावचा तलाव मासोळीसाठी तिच्या लोकांकडे होता. मालकांचं पॅनेल आलं तर तो शहरातल्या एका ठेकेदाराला जाणार, हे चहाच्या टपरीवरही उघड बोललं जात होतं. म्हणजे सगळ्या मोहल्ल्याची जाळी खुंटीला. तिच्या घरची आणि शेजारची मतं तिला होती, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. वार्डाची निम्मी मतं तलावापल्याडच्या टोलीत, तिथल्या छोट्या वस्तीत होती. आणि टोलीतले छोटे शेतकरी तिच्या लोकांवर खार खाऊन होते. त्या साली त्यांचं उशिरा येणारं जड धान पोटरीवर आलं असताना तलावाचं पाणी अचानक संपलं होतं आणि धान जागच्या जागी वाळलं होतं. ढिवरांनी मासोळीसाठी पाणी अडवलं, असं त्यांना कुणीतरी पटवून दिलं होतं. बाई दोनदा टोलीत मतं मागायला गेली. दोन्ही वेळा लोकांनी विहिरीजवळूनच परत पाठवली. "आमचं पानी चोरता आन आमालेच मत मागता?"

टोलीनं तिचं एकदा ऐकून घेतलं तरच ती निवडून येणार होती. आणि टोली तर तिला आत घेत नव्हती.

शेवटी तिनं आपल्याच मोहल्ल्यात, तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, सभा ठरवली आणि माझ्याकडे भोंगा सांगायला आली. ती जाते न जाते तोच मालकांचे दिवाणजी दुकानात शिरले. गालात तंबाखूचा खर्रा, हातात छत्री, ऊन नाही की पाऊस नाही.

"बाईले भोंगा देऊन राह्यला का बे?"

मी म्हटलं, "मालक नाई म्हन्तीन तर नाई देत."

"तसं नाई. दे तू भोंगा. नाईतर बोंबलन ते की मालकानं भोंगा देऊ देला नाई मनून." दिवाणजींनी दाराबाहेर पिंक टाकली आणि तलावाकडे बोट केलं. "पन आवाज टोलीत गेला नाई पायजे. कसं करतो ते तू पाह्य."

आता इथे मी "पाहतो" म्हणून गप्प बसलो असतो तर ही कहाणी झाली नसती. पण मला हुशारी दाखवायची खाज. एकदा पावसात भोंग्यावर ओलं पोतं पडलं होतं आणि आवाज एकदम मेला होता. त्या एका पोत्यावरून मी विज्ञान रचलं होतं.

"दिवाणजी, काई काळजी करू नोका. भोंग्याचं तोंड सरळ तलावाकडं करतो. पानी आवाज पिते."

दिवाणजी माझ्याकडे आदरानं बघत राहिले. "असं असते?"

"मंग! वीस साल झाले धंद्याले."

सभेच्या दिवशी दिवे लागायच्या आधी मी सामान घेऊन पोचलो. धानकापणी संपली होती, बांधांवर कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते, तलावावरून थंडी वर येत होती. एक भोंगा माणसांकडे तोंड करून बांबूला बांधला. दुसरा घेऊन मोहाच्या झाडावर चढलो आणि त्याचं तोंड तलावाकडे, पार पाण्याच्या मध्यावर धरून बांधलं. खाली मोहल्ल्यातले म्हातारे ढिवर उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते. त्यातले दोघे-तिघे उठले आणि लगेच पुन्हा बसले. बाई पारीवर उभी होती, तीही बघत होती. मला वाटलं, माझ्या चढण्याचं कौतुक चाललंय.

दिवाणजी येऊन माझ्या मशीनमागे, अंधाराच्या कडेला, छत्रीवर रेलून उभे राहिले. त्यांच्यासोबत मालकांचे दोन गडी. सभेत बसलेल्या प्रत्येकानं त्यांना पाहिलं आणि प्रत्येकानं न पाहिल्यासारखं केलं. बायका पदर सारखे करत दाटीवाटीनं बसल्या. गड्यांपैकी एक जण उगाच काठी जमिनीवर आपटत होता. ठक. थोडा वेळ गेला की पुन्हा ठक.

बाई माईकसमोर आली. हातात मास्तरांनी लिहून दिलेला कागद. "माझ्या बंधू आणि भगिनींनो, गावाच्या सर्वां... सर्वांगी..." तिथेच अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच शब्दावर अडकली. मागून काठीवाला खो खो हसला. मीही थोडा हसलो, हे सांगायलाच हवं, कारण दिवाणजी माझ्याकडे बघत होते.

तिनं कागदाची घडी केली, कमरेला खोचला. माईक दोन्ही हातांनी असा धरला की जणू निसटता मासा.

"मले हे वाचता येत नाई," ती म्हणाली. "मले पानी समजते, तं पान्याचंच बोलते."

आणि ती बोलायला लागली. तलावात एक दगडी खांब आहे. रोज पहाटे ती त्या खांबाजवळून जाळं ओढते. दसऱ्याच्या आधी तिथे पाणी तिच्या छातीला असतं, दिवाळीला कमरेला, पुसाच्या महिन्यात मांडीला. जन्मापासून असंच. "औंदा दसऱ्याच्या आदल्या सांजेले पानी माह्या छातीले होतं. मी सोता उभी होती. दुसऱ्या दिवशी पाह्यटे गेली तं मांडीले. एका रातीत! मासोळी इतकं पानी पेते का? का आमी पेलो?"

बायकांत कुणीतरी "नाई वो माय" म्हणालं.

"टोलीचे भाऊ मन्तेत, ढिवरायनं पानी अडवलं. अडवलं असतं तं पानी तलावात दिसलं असतं ना? तलाव बी खाली, तुमचं वावर बी खाली. मंग पानी गेलं कुठी, कोनाच्या वावरात?"

काठी आपटायची थांबली होती. मला माझ्या मशीनचा बारीक गुणगुणाट ऐकू येत होता.

"तलावाचं दार हातानं उघडत नाई. त्याले लोखंडाची चावी लागते, पुरुषभर लांब. ते चावी आमच्या मोहल्ल्यात नाई. टोलीत बी नाई. कुठी टांगली रायते ते मी नाई सांगत. मले नाव घ्याचं नाई कोनाचं. पन दसऱ्याच्या दिवशी सकाळी ते चावी ओली होती, चिखलानं भरली होती. कोनी ना कोनी ते पाह्यलीच असन. त्यानं आपल्या मनाले विचारावं."

ती मी पाहिली होती.

दसऱ्याला सकाळी मालकांच्या घरी फ्यूज उडाला म्हणून मला बोलावलं होतं. मीटर आतल्या दरवाजामागे. मीटरच्या बाजूला खिळ्यावर ती चावी, आणि तिच्या टोकावरून गाळाचं पाणी ठिबकत होतं. माझ्या पायावरच दोन थेंब पडले. मी पाय झटकला, फ्यूज बांधला, दसऱ्याचं सोनं घेतलं आणि घरी आलो. टोलीत धान वाळलं तेव्हा चहाच्या टपरीवर मीच सगळ्यांत जोरात म्हटलं होतं, "ढिवर लोक ऐकत नाईत बावा!"

बाईला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी ती माझ्याकडेच बघून बोलतेय असं मला वाटलं. आजवर शेकडो भाषणं मी माईकमागे बसून ऐकली होती, म्हणजे ऐकली नव्हतीच. भाषण म्हणजे माझ्यासाठी मशीनवरची सुई लाल पट्टीत जाते की नाही एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा सुईकडे बघायचं राहिलं.

मानेवर खर्ऱ्याचा वास आला. दिवाणजी वाकले होते.

"आवाज पाड."

"आं?"

"पाड मनलं ना बे. लय झालं."

आणि इथे मी दुसरी हुशारी केली. लोकांकडे तोंड असलेल्या भोंग्याची वायर हळूच मशीनमधून ओढून काढली. तो भोंगा एकदम गप्प झाला. बाईचा नुसता तोंडाचा आवाज उरला, लोक "आयकू नाई येत" करत पुढे सरकले. दिवाणजी खूश. तलावाकडचा भोंगा चालूच होता, पण त्याची मला फिकीर नव्हती. पाणी पीतच होतं ना! दोन भोंग्यांत वाटला जाणारा सगळा जोर मी माझ्या हातानं त्या एकाच भोंग्यात सोडला होता, हे ध्यानात यायला मला अजून एक मिनिट लागणार होतं.

बाई बोलत होती. "मी निवडून आली तं चावी पंचायतीत टांगीन. सगळ्यायले दिसन अशी. पयलं पानी टोलीचं, कारन त्यायचं वावर शेवटी हाय. मंग बाकीच्यायचं. आमाले मासोळीपुरतं ठेवा, मांडीभर. जास्त नाई मांगत." मग ती थांबली. "पन हे मी कोनाले सांगून राह्यली? ज्याले सांगाचं हाय ते तं आयकून नाई राह्यले."

तेवढ्यात तलावापलीकडून, अंधारातून, एका माणसाचा आवाज आला. ओरडून नव्हे. शेजारच्या ओसरीवर बसून बोलावं तसा.

"आयकू येऊन राह्यलं वो बाई. बोला तुमी."

सगळी सभा तलावाकडे वळली. मग पलीकडून आणखी एक, बायकी आवाज: "चावीचं पुना एक डाव सांग."

दिवाणजी ताठ झाले. त्यांनी एकदा तलावाकडे पाहिलं, एकदा झाडावरच्या भोंग्याकडे, मग माझ्याकडे. पलीकडच्या टोलीतून एकामागून एक दिवे काठाकडे यायला लागले होते. कंदील, चिमण्या, एखादा टॉर्च. ती सगळी माणसं काठावर येऊन बसत होती.

"हे काऊन आयकू गेलं?" दिवाणजींचा आवाज अगदी बारीक झाला होता. बारीक आवाजाची मला जास्त भीती वाटते. "बंद कर. आताच्या आता बंद कर."

दोन्ही गडी माझ्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. माझं बोट बटणावर होतं. एक टिचकी, की सगळं शांत. दुकान शाबूत, वायर शाबूत. इथे मला धाडस आलं असं लिहायला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. बोट बटणावरून हलेना, ना वर ना खाली. डोळ्यांसमोर पायावर पडलेले ते दोन थेंब. आणि तोंडातून जे आलं ते माझ्या स्वभावाला धरूनच, म्हणजे थाप.

"दिवाणजी, मशीन गरम हाय. आता बंद केली तं बॅटरी फुटन."

"फुटन?"

"फुटन मंजे! तेजाब उडते. मागं एकाचे डोळे गेले."

गडी दोन पावलं मागे सरले. दिवाणजींनी छत्री उघडली, खोटं बोलत नाही, उघडली आणि माझ्या आणि आपल्या मध्ये धरली. बाईनं चावीचं पुन्हा सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द, तलावाकडे तोंड करून. पलीकडून कुणी काही विचारलं की ती थांबायची, उत्तर द्यायची. अशी सभा मी नंतर कधी पाहिली नाही. अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे, मध्ये तलाव.

घरी गेलो तर बायको दारातच. तिनंही घरात बसून सगळं ऐकलं होतं. "तुम बजाने गए थे या सुनने गए थे?" "कल बुलावा आएगा," ती म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं.

बोलावणं आलं. सकाळीच. मालक ओसरीवर झोपाळ्यावर, दिवाणजी खाली सतरंजीवर. मला बस म्हटलं नाही. आतला दरवाजा उघडा होता. माझी नजर नको तिथे गेली. मीटर होतं, खिळा होता, चावी नव्हती. मालकांनी माझी नजर पाहिली.

"काय पाह्यतं?"

"मीटर, मालक."

"तुझी वायर तिथूनच येते ना?"

"हो मालक."

झोपाळ्याची कडी करकरत होती. बाईनं किती दिलं तुला, असं ते विचारणार, मी काय सांगणार, हे मी मनात घोटून आलो होतो. त्यांनी ते विचारलंच नाही.

"पानी आवाज पिते, असं तू मनला होता?"

"मले तसंच वाटलं, मालक. एकडाव वल्लं पोतं पडलं होतं भोंग्यावर, तं..."

मी पोत्याची सगळी हकीकत सांगितली. कळकळीनं सांगितली, कारण ती खरी होती. मालक ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय हळूहळू जाऊन तिथे दुसरंच काही येत होतं. माझं बोलून संपलं तेव्हा त्यांनी दिवाणजींकडे पाहिलं.

"हा गद्दार नाई. गधा हाय." मग मला म्हणाले, "जाय."

वायर राहिली. गध्याची कुणी वायर कापत नाही. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, वाचलो. पण त्या दिवशी दिवसभर कुणी 'भोंगेवाले' म्हणून हाक मारली तरी मला दुसराच शब्द ऐकू यायचा.

मतदानाला शाळेत रांगेत उभा राहिलो तेव्हा दरवाजाशी दिवाणजी होते. प्रत्येकाकडे ते असं बघत होते की पोटात काय आहे ते दिसावं. पडद्यामागे गेलो. चिठ्ठी, शिक्का. बाईच्या चिन्हावर शिक्का मारायला हात उचलला आणि तो असा कापला की शिक्का अर्धा रेषेवर गेला. माझं मत बाद धरलं की मोजलं, ते मला आजही माहीत नाही. आयुष्यात मी केलेलं एक धडाचं काम, तेही रेषेवर.

बाई निवडून आली. टोलीनं आणली. मालकांच्या घरून चावी पंचायतीत यायला आणखी बरेच महिने आणि बरीच भांडणं लागली, पण आली. कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर, आल्यागेल्याला दिसेल अशी.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी बाई दुकानात आली. तलावाचं दार कोणत्या दिवशी उघडणार, पहिलं पाणी कुणाचं, हे भोंग्यावरून सांगायचं होतं. माझ्या मनात वर्षभर एक गोष्ट घोळत होती. गावानं मला गधा ठरवलं होतं, निदान एका माणसानं तरी मला बरं म्हणावं, एवढीच आशा. मी हसत हसत म्हटलं, "बाई, तोंड कोनीकडं करू? पुना तलावाकडंच ना?"

"मंग," ती म्हणाली.

मी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "आता सांगाले हरकत नाई. त्या दिवशी मी मुद्दामच केलतं तोंड तलावाकडं. तुमच्यासाठी. मालकाले येडं बनवलं."

बाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. जाळ्यात आलेल्या एखाद्या निकामी मासोळीकडे पाहावं तसं.

"कायले खोटं बोलता भाऊ? तुमी झाडावर चढले तवा आमचे बुढे उठले होते तुमाले सांगाले, का पान्यावर आवाज दूर जाते मनून. आमचं लहान लेकरू बी जानते ते. मीच त्यायले खाली बसवलं. मनलं, गप राहा, भाऊले करू द्या." तिनं टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. "तुमी जराकसे हुशार असते ना, तं मी पडली असती."